ला होयाचे सार्वजनिक विद्यापीठ : अभ्यास, खेळ आणि प्रवेश यांचा एकत्रित विचार

कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहराच्या उत्तर भागात, ला होया येथे, पॅसिफिक महासागरात सरळ शिरलेला एक लांब धक्का आहे. 'भाऊचा धक्का' म्हणताना आपण जो शब्द वापरतो, त्याच अर्थाचा. मात्र इथे प्रवासी उतरत नाहीत, तर समुद्राची मोजमापे होतात. ऑगस्ट १९१६ पासून या धक्क्यावरून पाण्याचे तापमान रोज मोजून नोंदवले जात आहे. मूळचा लाकडी धक्का जाऊन १९८८ मध्ये काँक्रीटचा आला, माणसांच्या कितीतरी पिढ्या बदलल्या, पण नोंदीचे काम चालू राहिले. हा धक्का स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचा आहे. ही संस्था १९०३ मध्ये सुरू झाली, १९१२ मध्ये ती युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा भाग झाली आणि १९६० मध्ये तिच्या आधाराने एक संपूर्ण विद्यापीठ उभे राहिले. त्याचेच नाव युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, सॅन डिएगो, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले 'यूसी सॅन डिएगो'.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत आणि इकडे पुण्या-मुंबईतही मुलाच्या पदवीचा विषय निघाला, की या विद्यापीठाबद्दल तीन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात : अभ्यास कसा असतो, खेळांना किती महत्त्व असते आणि प्रवेश कशावर मिळतो. माझ्या मते या तिन्ही प्रश्नांची उत्तरे 'सार्वजनिक' या एका शब्दाशी बांधलेली आहेत. हे विद्यापीठ कोणाच्या पैशावर चालते आणि म्हणून ते कोणाला बांधील आहे, हे एकदा नीट समजले, की प्रवेशाचे विचित्र वाटणारे नियमही समजू लागतात.

आधी नावांचा गोंधळ दूर करायला हवा, कारण तो फार लोकांचा होतो. सॅन डिएगोत 'युनिव्हर्सिटी ऑफ सॅन डिएगो' नावाचे एक खासगी कॅथलिक विद्यापीठ आहे आणि 'सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटी' नावाचे एक सरकारी विद्यापीठही आहे. यूसी सॅन डिएगो या दोहोंपेक्षा निराळे. १९६० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने उच्च शिक्षणाचा एक बृहत् आराखडा स्वीकारला आणि सरकारी शिक्षणाच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या. राज्यातील शालेय विद्यार्थ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांसाठी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी आणि शिकू इच्छिणाऱ्या सर्वांसाठी दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे. सॅन डिएगो स्टेट ही दुसऱ्या पायरीवरची संस्था आहे, तर यूसी सॅन डिएगो पहिल्या पायरीवरची. यूसीचे एकूण दहा कॅम्पस आहेत आणि त्यांपैकी नऊ ठिकाणी पदवीचे शिक्षण मिळते.

या विद्यापीठाच्या जन्माशी महाराष्ट्राचा एक दूरचा, पण खरा धागा जोडलेला आहे. स्क्रिप्सचे संचालक रॉजर रेव्हेल यांनी विद्यापीठाच्या स्थापनेसाठी पुढाकार घेतला. त्यांनी आधी नामवंत संशोधक गोळा केले आणि पदवीचे विद्यार्थी नंतर, म्हणजे १९६४ मध्ये, घेतले गेले. आपल्याकडच्या रूढ पद्धतीच्या अगदी उलट हा क्रम होता. त्या काळी ला होयात ज्यू लोकांना घरे विकू नयेत, असा अलिखित दंडक होता. असा दंडक पाळणाऱ्या गावात विद्यापीठ येऊ शकत नाही, हे रेव्हेल यांनी घरांच्या व्यावसायिकांना स्पष्ट सांगितले. हेच रेव्हेल १९६४ ते १९६६ या काळात भारताच्या शिक्षण आयोगाचे, म्हणजे कोठारी आयोगाचे, सदस्य होते. दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी हा आपल्या अंगवळणी पडलेला आकृतिबंध त्याच आयोगाच्या शिफारशींतून आला आणि आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक.

संशोधन आधी आणि वर्ग नंतर, या सुरुवातीची छाप तिथल्या अभ्यासावर आजही आहे. स्क्रिप्समधील चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआ पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. हवामानबदलाच्या चर्चेत दिसणारा, वर चढत जाणारा दातेरी आलेख तो हाच. स्क्रिप्सचेच वीरभद्रन रामनाथन १९९९ मध्ये हिंदी महासागरावरील धुरकट हवेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचे एक प्रमुख शास्त्रज्ञ होते आणि 'सागर कन्या' हे आपले संशोधन जहाजही त्या मोहिमेत होते. विद्यापीठ समुद्रकाठी आहे, याचा माहितीपत्रकातील सुंदर छायाचित्रांपलीकडे काही अर्थ असेल, तर तो हा आहे. समुद्र हा तिथे अभ्यासाचा विषय आहे, आणि पदवीच्या विद्यार्थ्यालाही प्रयोगशाळेत काम मिळवण्याची संधी असते. ती चालून येत नाही, प्राध्यापकांना स्वतः भेटून मागावी लागते. आणि वर्गात नुसते शांत बसून चांगले गुण मिळवण्याची सवय घेऊन गेलेल्या आपल्या मुलांना नेमकी हीच गोष्ट जड जाते.

अभ्यासाच्या रचनेत मराठी वाचकाला सर्वांत जास्त चकवणारा शब्द म्हणजे 'कॉलेज'. आपल्याकडे विद्यापीठ परीक्षा घेते आणि संलग्न महाविद्यालये शिकवतात. यूसी सॅन डिएगोतील कॉलेज मात्र तसे नाही. इथे रेव्हेल, म्यूर, थरगुड मार्शल, अर्ल वॉरन, एलिनॉर रूझवेल्ट, सिक्स्थ, सेव्हन्थ आणि एट्थ अशी आठ कॉलेजे आहेत. पहिले १९६४ मध्ये सुरू झाले, तर शेवटचे २०२३ मध्ये. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या धर्तीवर, मोठ्या विद्यापीठात विद्यार्थी हरवून जाऊ नये म्हणून, ही व्यवस्था केलेली आहे. प्रमुख विषय, म्हणजे 'मेजर', कोणत्याही कॉलेजात राहून घेता येतो. कॉलेज ठरवते ते राहण्याचा परिसर, सल्लागार आणि मुख्य म्हणजे सर्वसाधारण शिक्षणाचे सक्तीचे अभ्यासक्रम.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. समजा, चिपळूणच्या दोन मैत्रिणी यांत्रिकी अभियांत्रिकीसाठी तिथे गेल्या. एकीला रेव्हेल मिळाले आणि दुसरीला सिक्स्थ. पहिलीला मानव्यविद्येची पाच तिमाही सत्रांची मालिका करावी लागेल, म्हणजे प्राचीन ग्रीकांपासून आधुनिक काळापर्यंतचे ग्रंथ वाचून त्यांवर सातत्याने निबंध लिहावे लागतील. दुसरीच्या वाट्याला संस्कृती, कला आणि तंत्रज्ञान यांचा परस्परसंबंध शोधणारा अभ्यासक्रम येईल. दोघींची अभियांत्रिकीची पदवी एकच, पण चार वर्षांतले वाचन वेगळे. अर्जात कॉलेजांचा पसंतिक्रम द्यावा लागतो आणि त्या क्रमाचा प्रवेशाच्या निर्णयावर काहीही परिणाम होत नाही. तरीही अनेक जण हा क्रम वसतिगृहाच्या इमारती किंवा तिथून दिसणारा समुद्र पाहून भरतात, आणि पहिल्या वर्षी निबंधांचे ओझे पडले की हळहळतात. प्रत्येक कॉलेजच्या सक्तीच्या अभ्यासक्रमांची यादी एक संध्याकाळ बसून वाचणे हा या साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गृहपाठ आहे.

दुसरी चकवणारी गोष्ट आहे वेळेची. वर्षाची दोन सत्रे नसून प्रत्येकी दहा आठवड्यांच्या शिक्षणाची तीन 'क्वार्टर' असतात आणि अकराव्या आठवड्यात अंतिम परीक्षा होते. पदवीसाठी किमान १८० युनिट, म्हणजे श्रेयांक, लागतात आणि बहुतेक अभ्यासक्रम चार युनिटांचे असतात. म्हणजे बारा क्वार्टरमध्ये पदवी पूर्ण करायची, तर दर क्वार्टरला सरासरी पंधरा युनिट घ्यावे लागतात. सप्टेंबरच्या अखेरीस वर्ग सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली मध्य-परीक्षा येऊन ठेपते. आठवडाभर ताप आला, तर सत्राचा दहावा भाग गेला, हा हिशेब तिथल्या विद्यार्थ्याच्या डोक्यात कायम असतो. परीक्षेआधीचे दोन महिने जोर लावून वर्ष काढण्याची आपली पद्धत या वेळापत्रकात मुळीच बसत नाही.

आता खेळ. या विद्यापीठाच्या संघांना 'ट्रायटन' म्हणतात. ट्रायटन म्हणजे ग्रीक पुराणातील समुद्रदेवाचा मुलगा. अमेरिकी महाविद्यालयीन खेळांचे नियमन एनसीएए ही संघटना करते आणि तिच्या तीन श्रेणी आहेत. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत ती मर्यादित असते आणि पहिल्या श्रेणीत पैसा, प्रसिद्धी आणि स्पर्धा सर्वांत मोठी. यूसी सॅन डिएगो २००० पर्यंत तिसऱ्या श्रेणीत आणि त्यानंतर २०२० पर्यंत दुसऱ्या श्रेणीत खेळत होते. अमेरिकी विद्यापीठ म्हटले की डोळ्यांसमोर येणारे, त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचे प्रचंड मैदान इथे नाही. त्या फुटबॉलचा संघ जेमतेम एक हंगाम, १९६८ मध्ये, खेळला. वॉटर पोलो, जलतरण, नौकानयन हे इथले जुने खेळ आहेत आणि लाटांवरच्या सर्फिंगचा क्लबही नावाजलेला आहे.

पहिल्या श्रेणीत जाण्याचा निर्णय ज्या रीतीने झाला, ती रीत मला फार मोलाची वाटते. वरच्या श्रेणीचा खर्च भागवण्यासाठी विद्यार्थ्यांच्या शुल्कात वाढ करावी लागणार होती, म्हणून तो प्रश्न विद्यार्थ्यांच्याच मतदानाला टाकण्यात आला. २०१२ मध्ये त्यांनी नकार दिला. २०१६ मध्ये पुन्हा मतदान झाले, तेव्हा सुमारे ७० टक्के मते बाजूने पडली आणि वर्षाला सुमारे ४८० डॉलरपर्यंत जाणारी वाढ विद्यार्थ्यांनी स्वतःवर घेतली. ज्यांनी मत दिले, त्यांतील बहुतेक जण पहिल्या श्रेणीचा पहिला सामना होण्याआधीच पदवी घेऊन बाहेर पडणार होते. २०२० मध्ये संघ बिग वेस्ट या गटात दाखल झाले, पण एनसीएएच्या तेव्हाच्या नियमानुसार संक्रमणाची चार वर्षे राष्ट्रीय बाद फेरीत खेळता येत नसे. गटात कितीही चांगला खेळ झाला, तरी हंगाम तिथेच संपायचा.

ती चार वर्षे संपली आणि पात्रतेच्या पहिल्याच हंगामात, मार्च २०२५ मध्ये, पुरुष आणि महिला दोन्ही बास्केटबॉल संघांनी बिग वेस्टची स्पर्धा जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळवला. पुरुषांचा सामना डेन्व्हर येथे मिशिगन विद्यापीठाशी झाला. मोठी पिछाडी भरून काढत ट्रायटन संघाने अखेरच्या काही मिनिटांत आघाडीही घेतली आणि शेवटी ते ६८–६५ असे अवघ्या तीन गुणांनी हरले. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या श्रेणीत असलेल्या संघासाठी हा पराभवसुद्धा मोठी मजल होती.

खेळ आणि प्रवेश यांचा संबंध इथे तपासून घेतला पाहिजे, कारण महाराष्ट्र बोर्डाच्या सवलतीच्या क्रीडागुणांची सवय असलेल्या पालकांचा इथे हमखास गैरसमज होतो. जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळल्याचे ठरावीक गुण अर्जात मिळवले जात नाहीत. प्रशिक्षकाने संघासाठी निवडलेल्या खेळाडूंची नावे प्रवेश कार्यालयाकडे जातात आणि तिथे त्यांची शैक्षणिक पात्रता तपासली जाते. इतर सर्वांसाठी खेळ हा अर्जातला एक उपक्रम असतो, जसे नाटक किंवा समाजकार्य. या वाटेचा गैरवापरही झालेला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी यूसीच्या चार कॅम्पसची तपासणी करून ६४ विद्यार्थ्यांना ओळखीपाळखीतून अयोग्य प्रवेश मिळाल्याचे दाखवले. त्यांपैकी २२ जणांना खेळाडू नसताना खेळाडू म्हणून आत घेतले होते. त्या चार कॅम्पसांत सॅन डिएगोही होते, मात्र बहुतांश प्रकरणे बर्कली कॅम्पसची होती. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाची अशी जाहीर झडती घेता येते, हा सार्वजनिक असण्याचा एक ठोस फायदा आहे.

प्रवेशाकडे वळताना पहिला प्रश्न हा, की अर्जदार राज्याचा रहिवासी आहे का. कॅलिफोर्नियातील करदात्यांच्या मुलांना जागा देणे हे या विद्यापीठाचे पहिले कर्तव्य मानले जाते. २०१७ मध्ये यूसीच्या नियामक मंडळाने, म्हणजे रीजंट्सनी, परराज्यातील आणि परदेशी पदवी विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर मर्यादा घातली आणि सॅन डिएगोसाठी ती २२.९ टक्के ठरली. २०२१ मध्ये राज्य सरकारने ती पाच वर्षांत १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. बाहेरच्या विद्यार्थ्याला रहिवाशाच्या शुल्काव्यतिरिक्त वर्षाला ३० हजार डॉलरहून अधिक जादा शुल्क भरावे लागते. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलाला कॅलिफोर्नियात कितीही वर्षे राहिल्याने शुल्कापुरते रहिवासी होता येत नाही. एक दिलासा असा, की २०२२ पासून प्रवेश घेतानाचे मूळ शुल्क त्या तुकडीसाठी सहा वर्षांपर्यंत स्थिर ठेवले जाते.

पदवीच्या पहिल्या वर्षासाठी इथे अलीकडे दर वर्षी सुमारे १ लाख ३० हजार किंवा त्याहून जास्त अर्ज येतात. एवढ्या अर्जांतून निवड करताना प्रवेश परीक्षेचा आधार मात्र घेतला जात नाही. मे २०२० मध्ये रीजंट्सनी एसएटी आणि एसीटी या परीक्षा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला आणि पुढच्या वर्षी एका न्यायालयीन तडजोडीनंतर त्यांचे गुण पाहणेच थांबले. एसएटीत मुलाला कितीही उत्तम गुण मिळाले, तरी यूसीच्या प्रवेशाचा निर्णय घेणारे ते पाहत नाहीत. शिफारसपत्रेही साधारणपणे मागितली जात नाहीत. १९९६ च्या जनमत कौलानंतर, म्हणजे प्रस्ताव २०९ नंतर, वंशाचा विचार करण्यासही कायद्याने बंदी आहे.

मग उरते काय? शाळेतील ठरलेले पंधरा विषय-वर्ष : इंग्रजी चार वर्षे, गणित तीन, इतिहास-समाजशास्त्र दोन, विज्ञान दोन, इंग्रजीखेरीज एक भाषा दोन वर्षे, कला एक वर्ष आणि एक ऐच्छिक विषय. त्यांतील सरासरी, म्हणजे 'ए' श्रेणीला चार गुण धरून काढलेला जीपीए, रहिवाशासाठी किमान ३.० आणि बाहेरच्यासाठी ३.४ हवी, प्रत्यक्षात निवड होणाऱ्यांची सरासरी याहून बरीच वर असते. यातली मेख अशी, की यूसीची सरासरी दहावी आणि अकरावीच्या गुणांवरून काढली जाते. नववीचे गुण अर्ज वाचणाऱ्याला दिसतात, पण सरासरीत येत नाहीत. 'अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष' ही आपल्याकडची जुनी समजूत घेऊन अर्ज करणाऱ्याचे नुकसान नेमके इथे होते.

गुणांच्या जोडीला आठ प्रश्नांपैकी कोणत्याही चारांची उत्तरे लिहायची असतात आणि प्रत्येकाला कमाल मर्यादा ३५० इंग्रजी शब्दांची असते. ३५० शब्द म्हणजे वहीची जेमतेम दीड पाने. तेवढ्यात 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे' अशी प्रस्तावना केली, तर जागा संपली. विहिरीवरच्या पंपाची मोटर दोनदा जळाल्यावर तिसऱ्यांदा ती का जळू नये, हे एखाद्या मुलीने स्वतः शोधून काढले असेल, तर तिने पहिल्या ओळीत मोटरच आणावी. अर्ज वाचणारे तिच्या शाळेत कोणते विषय उपलब्ध होते आणि त्यांतून तिने काय निवडले, हेही पाहतात. जिथे प्रगत अभ्यासक्रमच नाहीत, तिथे ते न घेतल्याचा दोष विद्यार्थ्याला लावला जात नाही.

ही संदर्भ पाहण्याची पद्धत मला न्याय्य वाटते, पण तिची किंमतही प्रामाणिकपणे सांगायला हवी. नोव्हेंबर २०२५ मध्ये विद्यापीठाच्याच प्राध्यापकांच्या आणि प्रशासनाच्या संयुक्त गटाने एक अहवाल दिला. २०२० ते २०२५ या काळात माध्यमिक शाळेच्या पातळीपेक्षाही कमी गणित येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या जवळजवळ तीसपट झाली आणि नव्या तुकडीतील साधारण बारांपैकी एकाचे गणित तर आठवीच्याही खाली होते, असे त्यात नोंदवले आहे. त्यांच्यासाठी पहिली ते आठवीचे गणित शिकवणारा उजळणी वर्ग सुरू करावा लागला. साथीच्या काळात बुडालेली शाळा, शाळांनी सढळ हाताने दिलेल्या श्रेणी आणि प्रवेश परीक्षा रद्द होणे ही कारणे अहवालात आहेत. परीक्षा नको म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मान्य करूनही, ज्याला अपूर्णांक जमत नाहीत त्याला अभियांत्रिकीच्या वर्गात बसवणे हा त्या मुलावरच अन्याय आहे, असे माझे मत आहे. गणिताची एखादी सामाईक चाचणी परत यायला हवी. ती दार बंद करण्यासाठी न वापरता, मुलाला कुठून सुरुवात करू द्यावी हे ठरवण्यासाठी वापरता येईल.

पहिल्या वर्षी प्रवेश मिळाला नाही, तर वाट संपत नाही, कारण बृहत् आराखड्यातील तिसरी पायरी इथे कामाला येते. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे कमी शुल्कात शिकून तिसऱ्या वर्षी यूसीत बदली घेता येते. पहिल्या वर्षाच्या दर दोन विद्यार्थ्यांमागे एक बदलीचा विद्यार्थी घ्यावा, असे यूसीचे उद्दिष्ट आहे. यूसीचे सहा कॅम्पस अटी पूर्ण करणाऱ्याला बदलीची लेखी हमी देतात. सॅन डिएगो ती देत नाही, तरीही ही वाट तिथे चांगली रुळलेली आहे. संगणकशास्त्रासारख्या मागणीच्या विषयासाठी मात्र अर्जातच तो विषय लिहावा. आत आल्यावर विषय बदलू, हा बेत इथे सहसा सिद्धीस जात नाही, कारण अशा विषयांत आतून जाण्यासाठीही पुन्हा स्पर्धा आहे.

अर्ज नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत भरायचा असतो, निकाल मार्चमध्ये लागतो आणि जागा १ मेपर्यंत स्वीकारावी लागते. महाराष्ट्र बोर्डाचा बारावीचा निकाल साधारण त्याच सुमारास किंवा थोडा नंतर लागतो. अर्जात गुण स्वतः भरलेले असतात आणि मिळालेला प्रवेश सशर्त असतो. अंतिम गुणपत्रिका उन्हाळ्यात, जुलैच्या आसपास, अधिकृत मार्गाने पोहोचवावी लागते. भरलेले गुण आणि पत्रिकेवरचे गुण यांत तफावत निघाली किंवा बारावीत मोठी घसरण झाली, तर दिलेली जागा काढून घेता येते. म्हणून मूळ गुणपत्रिका समोर ठेवूनच अर्जातला प्रत्येक आकडा भरावा आणि त्या अर्जाची एक छापील प्रत घरी जपून ठेवावी.